पाच भागीदार, एक बॅग आणि एकही कागद नाही : 'जॉनी गद्दार'मधून शिकायचे धंद्याचे धडे



या वेळच्या व्हिडिओत मी एका हिंदी सिनेमावर बोललो. व्हिडिओत सगळं मावत नाही, म्हणून कायद्याचे मुद्दे आणि करारातली कलमं इथं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका मेसेजपासून करतो. आपल्या इस्लामपूरच्या बॅचमधला एक मुलगा, वय तीस-बत्तीस. ठिबक सिंचनाचं साहित्य, पाईप आणि मोटारीचे स्पेअर पार्ट असं दुकान काढतोय. भागीदार कोण, तर सख्खे दाजी. गाळा दाजींचा आणि वर त्यांचे ३ लाख. याचे ८ लाख, त्यातले काही आईचे दागिने सोनेतारण ठेवून उभे केलेले. उद्घाटन पाडव्याला. त्यानं मला लिहिलं, "सर, तुम्ही म्हणता कागद करा. पण दाजींना कागद मागायचा म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं होतंय. ताईला काय वाटंल? कागद न करता चालणार नाही का?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. वाळवा तालुक्यात काय, अख्ख्या सांगली-सातारा पट्ट्यात निम्मे धंदे मित्राबरोबर, भावाबरोबर नाहीतर पाहुण्याबरोबर सुरू होतात. आणि सगळ्यांची अडचण हीच असते. पैसे कमी पडतात, त्यावर मार्ग निघतो. पण कागदाचा विषय काढायला तोंड उघडत नाही.

त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, आधी 'जॉनी गद्दार' बघ, मग बोलू.

सिनेमा काय आहे?

'जॉनी गद्दार' २००७ सालचा. दिग्दर्शक श्रीराम राघवन. हा माणूस पुण्यात वाढलेला, पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. 'एक हसीना थी', 'बदलापूर', 'अंधाधुन' हे सिनेमेही त्यांचेच. 'जॉनी गद्दार' थेटरात फार चालला नाही, पण पुढं त्याचे चाहते वाढत गेले आणि आज हिंदीतल्या चांगल्या गुन्हेगारी सिनेमांत त्याचं नाव घेतात.

ज्यांनी बघितला नाही त्यांना आधीच सांगतो, खाली मी गोष्ट फोडणार आहे. तशी ती फोडली तरी फार बिघडत नाही, कारण चोर कोण हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत असतं. मजा आहे ती तो कसा अडकत जातो हे बघण्यात.

पाच भागीदार आहेत. शेषाद्री (धर्मेंद्र) हा सगळ्यांत मोठा, सगळे त्याला मानतात. शार्दूल (झाकिर हुसेन), प्रकाश (विनय पाठक), शिवा (दया शेट्टी) आणि सगळ्यांत तरुण विक्रम (नील नितीन मुकेश, नायक म्हणून हा त्याचा पहिला सिनेमा). यांचे धंदे दोन नंबरचे. एक दिवस एक मोठा सौदा येतो. अडीच कोटी रोख द्यायचे, माल घ्यायचा आणि थोड्या दिवसांत भरपूर नफा काढायचा. प्रत्येकानं ५० लाख घालायचे. सगळे पैसे एका बॅगेत, आणि ती बॅग घेऊन एकट्या शिवानं ट्रेननं जायचं.

विक्रमचं शार्दूलच्या बायकोबरोबर, मिनीबरोबर (रिमी सेन), प्रेमप्रकरण आहे. तिला घेऊन परदेशात पळून जायचंय, त्याला पैसा पाहिजे. मग तो ठरवतो, बॅग आपणच मारायची. 'परवाना' या अमिताभच्या १९७१ सालच्या सिनेमातून तो युक्ती उचलतो, आणि 'जॉनी मेरा नाम'वरून खोटं नाव घेतो जॉनी. त्याच्या डोक्यात खून नसतो. शिवाला नुसतं बेशुद्ध करायचं आणि बॅग घेऊन उतरायचं, एवढंच. पण शिवा त्याला ओळखतो. झटापट होते आणि शिवाचा जीव जातो.

इथून पुढं एक पाप झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. ज्याला ज्याला खरं कळतं, तो जातो. शेषाद्रीसुद्धा सुटत नाही. आणि शेवटी विक्रम मरतो तो कुणाच्या हुशारीमुळं नाही. प्रकाशची बायको वर्षा (आपली अश्विनी काळसेकर) नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायला निघते आणि भलताच माणूस समजून त्याच्यावर गोळी झाडते. अडीच कोटी कुणाच्याच कामाला येत नाहीत.

आता सिनेमा बाजूला ठेवा आणि याच गोष्टीकडं धंद्याच्या नजरेनं बघा.

धडा १ : त्यांना कागद करता येत नव्हता. आपल्याला येतो, तरी आपण करत नाही.

हा सगळ्यात मोठा मुद्दा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

पाच जणांनी अडीच कोटी गोळा केले. करार नाही, पावती नाही, बँकेत नोंद नाही. का? कारण धंदाच बेकायदेशीर. पैसे गेल्यावर ते पोलिसांत जाऊ शकत नाहीत, कोर्टात जाऊ शकत नाहीत. त्यांच्याकडं एकच हत्यार उरतं, एकमेकांवर संशय घेणं. आणि संशयाचा शेवट कुठं होतो ते सिनेमात दिसतंच.

आता आपल्याकडं बघा. ठिबकचं दुकान, मसाला कांडप, बेकरी, गॅरेज, फ्लेक्स प्रिंटिंग, सगळे एक नंबरचे धंदे. कायदा आपल्या बाजूनं उभा राहायला तयार आहे. तरी आपण शेषाद्रीच्या टोळीसारखाच व्यवहार करतो. रोख पैसे, तोंडी बोली, "आपल्यात कशाला कागद?"

गंमत पुढं आहे. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा. त्यात कलम ६९ आहे. भागीदारी संस्थेची नोंदणी करणं सक्तीचं नाही, पण नोंदणी केली नाही तर काय होतं हे हे कलम सांगतं. नोंदणी नसेल तर एक भागीदार दुसऱ्या भागीदारावर किंवा फर्मवर करारातला हक्क मागण्यासाठी दावा लावू शकत नाही. आणि फर्मसुद्धा आपली येणी वसूल करायला बाहेरच्या गिऱ्हाइकावर असा दावा लावू शकत नाही. अगदी लहान रकमांचे दावे आणि काही अपवाद सोडले तर दार बंद. उलट बाहेरच्या माणसाला तुमच्यावर दावा लावायला काहीच आडकाठी नाही!

म्हणजे तुम्ही चोर नसताना तुमची अवस्था चोरांच्या टोळीसारखी झाली. पैसे बुडाले, पण दाद मागायला जागा नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. नोंदणी नसली तरी भागीदारी मोडण्यासाठी किंवा मोडलेल्या भागीदारीचा हिशोब मागण्यासाठी दावा करता येतो. महाराष्ट्रात १९८४ च्या दुरुस्तीनं हा रस्तासुद्धा बराचसा बंद केला होता. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली आणि रस्ता परत मोकळा झाला. पण विचार करा, हा अपवाद कधी उपयोगी पडतो? भागीदारी मोडल्यावर. चालू धंद्यात तुमचं संरक्षण पाहिजे असेल तर नोंदणीला पर्याय नाही.

धडा २ : गद्दार जन्मत नाही, तयार होतो.

आपण म्हणतो, "माझा मित्र तसला नाही." बरोबर आहे. विक्रमही पहिल्या दिवसापासून तसला नव्हता. शेषाद्रीनं माणूस ओळखण्यात चूक केली असं मला वाटत नाही. त्याची चूक व्यवस्था लावण्यात झाली.

डोनाल्ड क्रेसी नावाचे एक अमेरिकन अभ्यासक होते. विश्वासाच्या जागेवरचा माणूस पैशाची अफरातफर का करतो, याचा अभ्यास त्यांनी १९५० च्या सुमारास तुरुंगातल्या अशाच कैद्यांशी बोलून केला. त्यातून तीन गोष्टी पुढं आल्या. पहिली, कुणाला सांगता येत नाही अशी पैशाची अडचण. दुसरी, हात मारायची संधी. तिसरी, मनाची समजूत, म्हणजे "उसने घेतोय, परत ठेवीन" किंवा "माझाच तर हक्क आहे."

विक्रमला लावून बघा. अडचण आहे, आणि ती भागीदारांना सांगता येण्यासारखी नाही. संधी आहे, सगळा पैसा एका बॅगेत आणि बरोबर एकटा माणूस. समजूतही आहे, कुणाला मारायचं थोडंच आहे, फक्त बेशुद्ध करायचंय.

या तिन्हींपैकी तुमच्या हातात काय आहे? भागीदाराच्या घरात उद्या कुठली अडचण येईल ते तुम्हाला आज कळणार नाही. त्याच्या मनात काय चाललंय तेही कळणार नाही. हातात आहे फक्त मधली गोष्ट, संधी. ती कमी करणं म्हणजेच व्यवस्था.

माझाच अनुभव सांगतो. खूप वर्षांपूर्वी मी आणि माझा एक जिवलग मित्र, दोघांनी मिळून फ्लेक्स प्रिंटिंगचं काम सुरू केलं. कागद नाही. खातं त्याच्या नावावर, कारण त्याला बँकेत जाणं सोयीचं होतं. निवडणुकीचा हंगाम, काम जोरात. त्याच मध्ये त्याचे वडील दवाखान्यात ॲडमिट झाले. त्यानं गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स उचलले आणि बिल भरलं. मला सांगितलं नाही, लाज वाटली. "पुढच्या महिन्यात टाकतो परत" म्हणून स्वतःची समजूत घातली. पुढचा महिना आला, तेव्हा मटेरियलवाल्याची उधारी थकली होती. ती मला भरावी लागली, एक लाख ऐंशी हजार.

पैसे दोन वर्षांत फिटले. मित्र मात्र परत मिळाला नाही. आजही बसस्टँडवर समोरासमोर आलो तर दोघं मान खाली घालतो. तो चोर नव्हता, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या करारात "अडचणीला भागीदाराला इतकी उचल मिळेल" अशी एक ओळ असती, तर त्यानं मला सांगून उचल घेतली असती.

म्हणून म्हणतो, तुमचा माणूस चांगलाच आहे. त्याच्यावर वाईट दिवस आला तर त्याला चांगलं राहता यावं, यासाठी कागद असतो.

धडा ३ : सगळा पैसा एका बॅगेत, एका हातात कधीच नको.

शिवा ताकदवान माणूस, म्हणून बॅग त्याच्याकडं. पण दुसरा माणूस बरोबर नाही, रक्कम टप्प्यानं देणं नाही, वाटेत कुणी विचारपूस करणं नाही. एक गडी पडला आणि अख्खा सौदा पडला.

आपल्या धंद्यात ही 'बॅग' वेगवेगळ्या रूपात असते. बँक खातं एकाच्याच सहीनं चालतं. गल्ल्याची किल्ली एकाकडं. यूपीआयचा क्यूआर कोड एका भागीदाराच्या वैयक्तिक खात्याचा. उधारीची वही एकाच्या घरी. सप्लायरशी फक्त एकाचीच ओळख. यातलं एक जरी तुमच्याकडं असेल तर तुमची बॅग ट्रेनमध्ये निघाली आहे असं समजा.

उपाय सोपे आहेत. फर्मच्या नावानं चालू खातं, ठरावीक रकमेच्या वरच्या चेकवर दोघांच्या सह्या. क्यूआर कोड फर्मच्या खात्याचा. रोज रात्री गल्ला मोजून दोघांच्या व्हॉट्सअॅपवर आकडा. दर महिन्याच्या पाच तारखेला अर्धा तास बसून हिशोब. कायद्यानंही प्रत्येक भागीदाराला फर्मच्या वह्या बघायचा हक्क आहे, त्यामुळं हिशोब मागितला म्हणजे कुणाचा अपमान केला असं होत नाही.

इथं एक इशारा. "कागद झाला, आता झोपायला मोकळे" असंही नाही. २०१९ साली आपल्याच इस्लामपूरमधून चाललेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत किती शेतकऱ्यांचे आणि बेरोजगार पोरांचे पैसे अडकले, ते आपण सगळ्यांनी बघितलं. इस्लामपूर पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आंदोलनं झाली. कोण दोषी, कोण नाही ते न्यायालय ठरवेल. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की पिल्लं देणारा तोच, खाद्य देणारा तोच आणि अंडी, कोंबड्या परत विकत घेणाराही तोच. एक दोर तुटला की सगळं खाली. कागदावर सही आहे म्हणून पैसे परत येत नाहीत. कागदाबरोबर दुसरं गिऱ्हाईक, दुसरा सप्लायर आणि डोळे उघडे, हे तिन्ही लागतं.

धडा ४ : भागीदाराची चूक तुमच्या घरापर्यंत येते.

सिनेमात विक्रमच्या एका चुकीची किंमत बाकी चौघांनी मोजली. भागीदारीतही असंच आहे, फक्त तिथं बंदूक नसते, नोटीस असते.

कायद्यानं प्रत्येक भागीदार धंद्याच्या कामासाठी फर्मचा प्रतिनिधी असतो. त्यानं दुकानाच्या नावानं माल उचलला, तर देणं फर्मचं. आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार. साध्या भाषेत, देणेकरी निम्मे याच्याकडून, निम्मे त्याच्याकडून असं मागायला बांधील नाही. ज्याच्याकडं सापडतील त्याच्याकडून तो सगळे मागू शकतो. दुकानाचा माल विकून भागलं नाही तर वसुली तुमच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत जाऊ शकते.

दुसरी गोष्ट, भागीदारीतून बाहेर पडलात तरी जाहीर नोटीस दिल्याशिवाय तुमची जबाबदारी बाहेरच्या लोकांपुरती संपत नाही. नोंदणीकृत फर्म असेल तर निबंधकांना कळवायचं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात नोटीस द्यायची. "मी मागच्या दिवाळीलाच सोडलं" असं तोंडी सांगून चालत नाही.

ही जोखीम नको असेल तर एलएलपी हा मार्ग आहे. त्याचा कायदा २००८ सालचा. त्यात साधारणपणे तुमची जबाबदारी तुम्ही कबूल केलेल्या भांडवलापुरती राहते, पण दरवर्षीची कागदपत्रं आणि खर्च वाढतो. लहान दुकानाला साधी नोंदणीकृत भागीदारी पुरते की एलएलपी बरी, हे आपल्या सीएला विचारून ठरवा.

धडा ५ : करारात काय लिहायचं?

पार्टनरशिप डीड वकील किंवा सीएकडून करून घ्या, पण आत काय पाहिजे हे तुम्ही ठरवून जा. नाहीतर तयार छापील मसुद्यावर नावं बदलून मिळतात. सात गोष्टी :

१. भांडवल. कुणी किती, कधी आणि कसं घातलं. शक्यतो बँकेतूनच. वरून कुणी कर्जाऊ रक्कम देणार असेल तर २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेऊ नका, आयकर कायद्यात त्याला दंड आहे. गाळा एकाचा असेल तर तो भाड्यानं की भांडवल म्हणून, हे स्पष्ट लिहा.

२. नफा-तोटा. इथं बहुतेक जण फसतात. करारात काही ठरलेलं नसेल तर कायदा नफा-तोटा समान धरतो, भांडवल कुणाचं किती हे बघत नाही. म्हणजे एकाचे ८ लाख आणि दुसऱ्याचे ३ लाख असले तरी नफा निम्मा-निम्मा.

३. काम आणि पगार. दुकानात दिवसभर कोण बसणार? करारात नसेल तर बसणाऱ्या भागीदाराला पगार मागायचा हक्क नाही. सहा महिन्यांनी भांडण इथूनच सुरू होतं.

४. उचल. महिन्याला प्रत्येकाला किती. आणि दवाखाना, लग्न अशा अडचणीला जास्तीत जास्त किती, कुणाच्या संमतीनं, किती दिवसांत परत. माझ्या करारात हीच ओळ नव्हती.

५. सही आणि उधारी. किती रकमेपर्यंत एकटा निर्णय घेऊ शकतो. गिऱ्हाइकाला उधारी किती दिवस. बिल निघेपर्यंत थांबणारा ऊसवाला गिऱ्हाईक असेल तर ही मर्यादा आधीच ठरवा.

६. बाहेर पडणं आणि मृत्यू. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं भागीदारी मोडते. दोनच भागीदार असतील तर एक गेल्यावर भागीदारी उरतच नाही. मग त्याच्या घरच्यांना किती पैसे, कशाच्या आधारावर मोजून, किती हप्त्यांत द्यायचे, हे लिहून ठेवा.

७. वाद झाला तर. दोघांना मान्य असा लवाद कोण, ते आजच ठरवा. चांगल्या दिवसांत नाव ठरतं, भांडणात ठरत नाही.

डीडवर योग्य मुद्रांक शुल्क भरा आणि भागीदारी संस्था निबंधकांकडं नोंदणी करा. नोंदणी नंतरही करता येते. म्हणजे ज्यांचा धंदा आधीच सुरू आहे, त्यांनाही उशीर झालेला नाही. फक्त भांडण व्हायच्या आधी करा.

मग दाजींना कागद कसा मागायचा?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडं येतो. सिनेमा बघून त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, सगळं पटलं. पण शब्द सुचत नाहीत."

त्याला मी एक गोष्ट विचारली. सिनेमात पाच भागीदारांचं काय झालं ते तू बघितलंस. त्यांच्या घरच्यांचं काय झालं? शिवाला आई होती (ही भूमिका रसिका जोशी यांनी केली आहे). प्रकाशला बायको होती. या बायकांना धंद्यातलं धड काही माहीत नाही, कुणाकडं किती पैसे, कुणी काय शब्द दिलाय, काही नाही. आणि नुकसान सगळ्यात जास्त त्यांचंच. कागद नसला की भागीदार गेल्यावर त्याचा शब्दही त्याच्याबरोबर जातो.

मग त्याला म्हटलं, दाजींकडं 'माझ्या सुरक्षेसाठी' म्हणून जाऊ नकोस, 'ताईसाठी' म्हणून जा. शब्द असे ठेव :

"दाजी, तुमच्या-माझ्यात कागदाची गरज नाही, मला माहीत आहे. पण उद्या आपल्यातला एक जण नसला तर ताईनं माझ्याकडं हक्कानं हिशोब मागितला पाहिजे, आणि माझ्या बायकोनं तुमच्याकडं. त्या दोघींना आपल्या बोलीतलं काय माहीत? त्यांच्यासाठी लिहून ठेवूया. आणि तुमचा गाळा आहे, त्याचं भाडं धरायचं की भांडवल, हे लिहिलं नाही तर तुमचंच नुकसान होईल."

यात तीन गोष्टी आहेत, नीट बघा. संशय कुठंच नाही. दोन्ही बाजूंचा विचार आहे. आणि समोरच्याचा फायदा आधी सांगितलाय. एवढं आदरानं बोलूनही समोरचा माणूस "मला कागद नको" म्हणून अडून बसला, तर रागावू नका. पण ८ लाख घालायच्या आधी चार दिवस थांबा. पाडवा दर वर्षी येतो, आईचे दागिने दर वर्षी येत नाहीत.

परवा त्याचा पुन्हा मेसेज आला. बोलणं झालं. दाजी पहिल्यांदा गप्प बसले. ताईच मधे पडली आणि म्हणाली, "लिवा की, त्यात काय? मला बी वाचू दे." गाळ्याचं भाडं धरायचं का भांडवल, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. मी म्हटलं, उत्तम! हा वाद आता स्वयंपाकघरात चहा पिताना होतोय. नाहीतर तो तीन वर्षांनी कोर्टाच्या पायरीवर झाला असता.

गृहपाठ

१. 'जॉनी गद्दार' बघा आणि एका कागदावर लिहा : शेषाद्रीनं कुठल्या तीन ठिकाणी वेगळी व्यवस्था लावली असती तर शिवा वाचला असता?

२. तुमच्या धंद्यातली 'बॅग' कुठली, ती सध्या कुणाच्या एकट्याच्या हातात आहे? ती बॅग तुमच्याच हातात असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. गद्दार नेहमी समोरचाच असतो असं नाही. अडचण आपल्यावरही येऊ शकते.

३. वरच्या सात मुद्द्यांपुढं तुमच्या भागीदारीचं उत्तर लिहा. भागीदाराला वेगळं लिहायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथं उत्तरं जुळत नाहीत, तिथं उद्याचं भांडण लपलंय. ते आजच बाहेर काढा.

पुढच्या भागात उधारी वसुलीवर बोलू, तेही नाती न तोडता. तोपर्यंत हिशोब रोजच्या रोज लिहा.